अदि ना पेरु कादु

अदि ना पेरु कादु म्हणजे तेलुगूत, ते माझं नाव नाही. पीएफच्या कागदावर बोट ठेवून एक अव्वा, म्हणजे आज्जी, हे म्हणाल्या आणि तिथून हा सगळा प्रकार सुरू झाला. तीन आठवडे झाले तरी तो मंगळवार माझ्या डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय.

आधी माझं सांगते. मी सोलापूरच्या पूर्व भागातली, एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात तेलुगू बोलतो, शाळा मराठी, त्यामुळे तेलुगू बोलता येतं पण लिपी वाचता येत नाही. अम्मा विड्या वळते, वडील टॉवेलच्या लूमवर. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची पॅरा लीगल व्हॉलंटिअर म्हणून मी वर्षभर काम करतेय, म्हणजे रविवारी आमच्याच भागातल्या एका समाजमंदिरात टेबल टाकून बसायचं, लोकांचे कागद बघायचे, अर्ज लिहून द्यायचे, कुणाला कुठं जायचं ते सांगायचं. सोबत पॅनलच्या एक वकील मॅडम असतात. लोकांना वाटतं फुकट वकील म्हणजे कायतरी उपकार, पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कलम १२ मध्ये सरळ लिहिलंय की बाईला मोफत वकील मिळायचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. हे मी दर रविवारी दहा वेळा तरी सांगते आणि दर वेळी समोरची बाई विचारते, खरंच पैसे नाहीत ना, मग नंतर मागणार नाही ना.

तर त्या रविवारी ह्या अव्वा आल्या. हातात चादरीच्या दुकानाची जुनी पिशवी, पिशवीत पिशवी, त्यात आणखी एक पिशवी, आणि त्यात कागद. मॅडमनी मराठीत विचारलं, काय काम आहे आज्जी? अव्वा "पेन्शन" एवढंच बोलल्या आणि गप्प बसल्या. मॅडमनी परत विचारलं, कुठली पेन्शन, निराधारची का, तर नुसती मान हलवली, होय म्हणून का नाही म्हणून तेच कळेना. मग मी तेलुगूत विचारलं, अव्वा काय झालं, आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू, आणि मग जे सुरू झाल्या ते अर्धा तास थांबल्याच नाहीत.

विषय असा होता की त्यांनी लग्नाआधीपासून एकाच कारखान्याच्या विड्या वळल्या, चाळीस वर्षं. पीएफ कापला गेला. विडी कामगाराला पीएफ १९७७ पासून आहे, आणि दहा वर्षं सर्व्हिस भरली की ५८ व्या वर्षी पेन्शन लागू होते, कमीत कमी १००० रुपये महिना. अव्वांच्या शेजारणीला मिळते, नणंदेला मिळते, ह्यांना नाही. का, तर रेकॉर्डचं नाव आणि आधारचं नाव जुळत नाही, आणि वय तर अजिबातच जुळत नाही. आधारवर जन्मसाल १९६०, पीएफला १९७०. म्हणजे पीएफच्या हिशोबानं त्या अजून ५८ च्या झाल्याच नाहीत.

नावाची भानगड मला बघताक्षणी कळली, कारण आमच्या घरात तेच झालंय. आमच्यात आडनाव आधी सांगतात, मग नाव. मराठी क्लार्कनं पहिला शब्द ऐकला आणि नावाच्या रकान्यात टाकला, म्हणजे आडनाव झालं नाव. मधे वडिलांचं नाव, कारण तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. आणि खरं नाव गेलं आडनावाच्या जागी, तेही अर्धवट. तिकडं आधारवर मात्र नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. दोन कागद शेजारी ठेवले तर कुणीही म्हणेल ह्या दोन वेगळ्या बायका आहेत. आणि बाई तर समोर एकच बसलीय, तिच्या बोटांची टोकं तंबाखूनं तपकिरी झालीयत, ती दिसत नाहीत का कुणाला.

मी भरात बोलून गेले, होईल अव्वा, नक्की होईल. त्या गेल्यावर मॅडमनी मला बाजूला घेतलं. "होईल म्हणायचं नाही. करू म्हणायचं. होणं आपल्या हातात नसतं, आणि ती बाई आज घरी जाऊन पोरांना सांगणार की होईल म्हणाली." मला लई लागलं ते, पण बरोबर होतं. तेव्हापासून मी करू म्हणते.

मंगळवारी अव्वा, मॅडम आणि मी निघालो. पीएफला नाव-वय दुरुस्त करायचं तर जॉइंट डिक्लरेशन द्यावं लागतं, त्यावर कामगाराची सही आणि मालकाचीही, आणि वयाचा फरक मोठा असेल तर पुरावा भक्कम पाहिजे. अव्वा तिसरीपर्यंत तेलुगू शाळेत गेल्या होत्या असं बोलता बोलता निघालं होतं, म्हणून सकाळी आधी शाळा. आता तिथले तेलुगू वर्ग बंद झालेत, ऑफिसमधले क्लार्क मराठी. पण माणूस चांगला निघाला, स्टूल घेऊन कपाटावरून जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं. पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या, आणि सगळं तेलुगू लिपीत. क्लार्कना वाचता येईना, मला येईना, अव्वांना चष्म्याशिवाय दिसेना आणि चष्मा त्यांच्याकडे नव्हताच.

मी अम्माला फोन लावला. अम्मा सातवीपर्यंत तेलुगू माध्यमात शिकलीय. मंगळवारी सकाळी तिला उठवणं म्हणजे काय ते विडीवाल्या घरातल्यांनाच कळेल, पानं रात्री भिजवून ठेवलेली असतात, सकाळी फर्मा ठेवून कात्रीनं कापायची, ती वाळली की गेली, आणि दुपारच्या आत विड्या मोजून द्यायच्या असतात. तरी ती सूप खाली ठेवून आली. पदराला हात पुसले आणि रजिस्टरवर वाकली. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं, मधेच थांबून ओठातल्या ओठात वाचायची, परत पुढं. बरीच पानं झाली. मग बोट थांबलं आणि तिनं मोठ्यानं वाचलं, आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, जून १९६०.

अव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या. "अवुनु," म्हणाल्या. होय. मग अम्माला म्हणाल्या, परत एकदा वाच बिड्डा. अम्मानं परत वाचलं.

मी वर्गात एव्हिडन्स शिकतेय, सार्वजनिक दस्तऐवज, त्याची पुराव्यातली किंमत वगैरे, परीक्षेला लिहिते पण. पण पुरावा म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. माझी अम्मा, जी बँकेत फॉर्म भरायचा म्हटलं की मला पुढं करते, तिनं वाचल्याशिवाय त्या दिवशी एक इंच काम पुढं सरकलं नसतं. मुख्याध्यापकांनी तासाभरात मराठीत उतारा करून शिक्का मारून दिला आणि अम्मा लगेच परत गेली, पानं वाळत होती.

दुपारी कारखान्याची ब्रँच. कारखान्याचं नाव लिहीत नाही. मॅनेजर जेवायला गेले होते म्हणून आम्ही बाकावर बसलो. समोर बायका विड्या देत होत्या. तपासणारा कट्टे उचलायचा, बघायचा आणि न आवडलेल्या विड्या बाजूला फेकायचा, त्याला छाट म्हणतात, त्याची मजुरी नाही. लहानपणी मी अम्माबरोबर रांगेत उभी राहायची तेव्हा तो फेकलेला ढीग बघून मला रडू यायचं, कारण त्यातल्या कितीतरी विड्यांचं तोंड मी स्वतः नखानं बंद केलेलं असायचं.

लेबर लॉच्या तासाला सरांनी एक निकाल शिकवला होता, पी. एम. पटेल अँड सन्स, सुप्रीम कोर्ट, १९८५. मालक लोकांचं म्हणणं होतं की घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका आमच्या कामगारच नाहीत, आम्ही त्यांच्यावर देखरेख कुठं करतो, मग पीएफ कसला. कोर्टानं सांगितलं की विडी नापास करायचा हक्क तुमच्याकडे आहे ना, तीच देखरेख, तेच नियंत्रण, बाई घरी बसून काम करत असली तरी तुमचीच कामगार. म्हणजे ज्या छाटीवरून अम्मा घरी येऊन न जेवता झोपायची, तीच छाट धरून कोर्टानं आमच्या बायकांना पीएफ मिळवून दिला. हे त्या तासाला ऐकलं तेव्हा मी वही बंद करून बसून राहिले होते. वकीलच व्हायचं हे खरं तर त्या दिवशी पक्कं झालं, त्याआधी नुसतं वाटायचं.

मॅनेजर आले. वाईट माणूस नव्हे, पण म्हणाले हे जुनं रेकॉर्ड आहे, आमच्या कॉम्प्युटरला १९७० आहे, दहा वर्षांचा फरक मी कसा सही करू, उद्या माझ्यावर येईल. मॅडम कागद दाखवत होत्या, शाळेचा उतारा, आधार, ते नुसते मान हलवत होते. मी अव्वांचं कारखान्याचं पुस्तक चाळत बसले होते आणि कामाला लागल्याचं साल बघितलं, १९७८. डायरीत वजाबाकी केली आणि मॅडमसमोर सरकवली. मॅडमनी बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "तूच बोल."

माझा आवाज कापत होता. म्हटलं, साहेब, तुमचं १९७० खरं धरलं तर १९७८ ला ह्या आठ वर्षांच्या होत्या. विडी कामगारांचा १९६६ चा कायदा तेव्हा होताच, १४ वर्षांच्या आतल्या मुलाला कारखान्याच्या जागेत काम करू द्यायला मनाई होती. मग कारखान्यानं आठ वर्षांच्या मुलीला नावावर घेतलं होतं असं लिहून देता का?

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यांनी आतल्या माणसाला हाक मारून गोडाऊनमधलं जुनं हजेरीचं बुक आणायला सांगितलं. धूळ झटकून आणलं, अर्धा तास शोधाशोध, आणि सापडलं की! नाव तसंच उलटंपालटं, पण शेजारी स्वच्छ अक्षरात वय १८. पुढं कधीतरी कॉम्प्युटरवर चढवताना कुणीतरी अंदाजानं साल टाकलेलं, एवढंच. एका माणसाच्या एका अंदाजापायी ह्या बाईची सात-आठ वर्षांची पेन्शन अडकली. मला तेव्हा राग आला आणि आत्ता लिहितानाही येतोय. १००० रुपयांसाठी एवढं कशाला असं कॉलेजात एकजण म्हणालीच मला. १००० रुपयांसाठी माझ्या अम्माला चार-पाच दिवस मान वर करता येत नाही.

मॅनेजरनी सही केली, शिक्का मारला. मग अव्वांची सही. तिथल्या माणसानं न विचारताच शाईचा पॅड पुढं केला आणि त्यांचा अंगठा धरायला हात लांब केला. अव्वांनी हात मागं घेतला. पेन मागितलं. सावकाश, एकेक अक्षर, तेलुगूत सही केली, शेवटच्या अक्षराला गोल काढून पेन तसंच धरून ठेवलं. तो माणूस म्हणाला हे चालतंय का? मॅडम म्हणाल्या सही कुठल्याही भाषेत चालते. नंतर रिक्षात मी विचारलं, अव्वा सही येते तर इतकी वर्षं अंगठा का? तर म्हणाल्या, कुणी पेन दिलंच नाही.

परत येताना मॅडमनी विचारलं पुढं काय करणारेस, पुण्याला जाणार का. मी म्हटलं नाही, इथंच. मला आमच्या पूर्व भागात ऑफिस पाहिजे, एक खोली चालेल, जिथं बाई येऊन तिच्या भाषेत बोलेल आणि मी मराठीत अर्ज लिहीन. पैशांची काळजी आहेच, नाही असं नाही. पण वकिलीच्या सनदेची फी ओपनसाठी ७५० च्या वर घेता येणार नाही असं सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये सांगितलंय, आधी हजारो रुपये जायचे, वडिलांना तेव्हाच सांगून टाकलं होतं की आता सनदेची फी एवढीच. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय, त्यात सोलापूर पण आहे, म्हणजे अपिलात जायचं झालं तर मुंबईची वारी नाही. मॅडम म्हणाल्या आधी तेलुगू लिपी शिक. त्या रात्रीपासून अम्मा शिकवतेय, ती विड्या वळता वळता अक्षर सांगते, मी वहीत काढते. अजून जोडाक्षरं जमत नाहीत.

अव्वांचा अर्ज बुधवारी दिला, पोच मिळाली, पेन्शन अजून सुरू झालेली नाही. मागचे पैसे मिळतील का त्यावर मॅडम म्हणतात आत्ता काही बोलायचं नाही. पोचेची झेरॉक्स अव्वांनी त्या तीन पिशव्यांतल्या सगळ्यात आतल्या पिशवीत ठेवली.

परवाच्या रविवारी मी टेबल लावायला गेले तर त्या आधीच पायरीवर बसल्या होत्या, सोबत पाच बायका, सगळ्यांच्या हातात कारखान्याची पुस्तकं. मी वही उघडली आणि पहिलीला विचारलं, अव्वा, नाव सांगा, घरात सांगता तसं, आडनाव आधी.