बाई, आम्हांला शोधायचंय तरी काय?

गणित शिकवायला लागून मला दुसरंच वर्ष होतं. शिक्षकाने नियम सांगून टाकला की मुलांच्या शिकण्यातला जीवच जातो, हे मी प्रशिक्षणातून घेऊन आले होते आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास होता. त्यामुळे अपूर्णांकांचा भागाकार आला तेव्हा कागदाच्या पट्ट्या वाटल्या आणि म्हटलं, ३/४ मध्ये १/८ किती वेळा बसतो ते बघा, अशी आणखी करून बघा आणि नियम तुम्हीच काढा.

पाच जणांनी काढला. एकाने तर २/३ ÷ १/२ घेतलं आणि उरलेला तुकडा एक षष्ठांश म्हणायचा की अर्ध्याचा तिसरा भाग, यावर शेजाऱ्याशी वाद घातला. मी हरखून गेले होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, आम्हांला शोधायचंय तरी काय?"

त्या मुलीने पट्ट्या वर्गात सगळ्यांत नीट कापल्या होत्या. पण ३/४ म्हणजेच ६/८ हे तिचं अजून पक्कं झालेलं नव्हतं. मग त्या पट्ट्या तिला काय सांगणार?

पुढच्या वर्षी मी पार दुसऱ्या टोकाला गेले. तीन उदाहरणं फळ्यावर सगळ्या पायऱ्यांसकट सोडवायची, चौथं अर्ध्यात सोडायचं, पाचवं मुलांचं. याला आधारही होता. स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणितात दाखवलं होतं, की सोडवलेली उदाहरणं अभ्यासलेली मुलं पुढची तशीच गणितं लवकर आणि कमी चुका करत सोडवतात. माझ्या वर्गातही कच्ची मुलं सावरली. पण ज्यांना आधीच येत होतं, ती मरगळली. चांगली मनातल्या मनात करणारी मुलं माझ्या पायऱ्या उतरवून घेताना चुकू लागली. नवख्याला उपयोगी पडणारी मदत जाणत्याला अडचण होते, हे संशोधनातही नोंदलेलं आहे, हे मी फार नंतर वाचलं.

मधल्या काळात मुलांचे प्रकार पाडण्याच्या नादालाही लागले. हा बघून शिकणारा, ही ऐकून शिकणारी. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा अशा शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. मला मात्र ते पटलं त्या पट्ट्यांवाल्या मुलीमुळेच. भूमितीत तिला सोडवलेलं उदाहरण नकोसं व्हायचं. आकृती काढून दिली की पुरे. मूल तेच, पण या धड्यात ते कुठवर आलंय यावर त्याला काय हवं ते ठरत होतं.

आणि शिक्षकाचं काय? आमचे एक सर केवळ प्रश्न विचारत अख्खा तास नेतात. मी त्यांचेच प्रश्न वहीत उतरवून माझ्या वर्गात विचारले आणि तास कोसळला. प्रश्न विचारल्यावर ते थांबतात, चेहऱ्यावर काहीही न दाखवता. मला ती शांतता सहन होत नाही. दोन सेकंदांत मी इशारा देऊन मोकळी होते. थांबणं मी अजूनही शिकते आहे. पण सगळ्यांनी उद्यापासून असंच शिकवायचं, असं एखादं परिपत्रक निघालं की मला त्या तासाची आठवण होते आणि रागही येतो. पद्धत कागदावरून वर्गात आपोआप चालत येत नाही. कुणाच्या तरी आवाजातून, कुणाच्या तरी धीरातून यावी लागते.

आता नवा धडा सुरू करण्यापूर्वी मी एकच प्रश्न देते आणि उत्तरं चिठ्ठीवर घेते. परवाचा प्रश्न होता, ५/६ आणि १०/१२ यांत मोठा कोण? अकरा मुलांनी १०/१२ लिहिलं. त्या अकरा जणांना घेऊन मी फळ्याजवळ बसले. बाकीच्यांना पट्ट्या दिल्या.