पत्त्याच्या रकान्यातले पुरुष

माझ्या आतेभावाच्या, अण्णांच्या, दहाव्याला गावातले एक निवृत्त मास्तर मला म्हणाले, "प्रोस्टेटचा कॅन्सर हा गोऱ्या लोकांचा आजार. आपल्याकडं कुठं असतो तो? अण्णालाच कसा काय झाला?" प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची छोटी ग्रंथी. मास्तर चांगले वाचणारे आहेत. आकडे पाहिले तर ते चूक बोलले नव्हते. म्हणूनच त्यांचं वाक्य माझ्या मनातून जाईना.

पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात माझी उभी नोकरी गेली. केसपेपर लावून ठेवायचे, डिस्चार्ज कार्डाच्या प्रती जोडायच्या, विमावाल्यांना आणि कोर्टाला लागतील ते कागद काढून द्यायचे. अधूनमधून कॅन्सर रजिस्ट्रीची, म्हणजे कुठल्या भागात किती जणांना कॅन्सर झाला याची नोंद ठेवणारी, माणसं यायची. आमच्या फायली घेऊन एका कोपऱ्यात बसायची आणि एकेका पेशंटचा फॉर्म भरायची: वय, लिंग, कुठल्या अवयवाचा कॅन्सर, निदान कशावरून झालं, कधी झालं. आणि पत्ता. पत्त्यापाशी ती हमखास अडायची. पेशंट किमान एक वर्ष पुण्यात राहत असेल तरच तो पुण्याच्या खात्यात धरायचा. उपचारापुरता आलेला असेल तर नाही. "मॅडम, हा नक्की कुठला?" असं विचारत त्या टेबलावरून माझ्या टेबलापर्यंत किती फेऱ्या व्हायच्या!

देशातली अशी पहिली नोंदणी मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीनं सुरू केली. सत्तरच्या दशकात ती पुण्यात आली. १९८१ साली आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, कॅन्सर नोंदणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. अण्णा त्याच बार्शी तालुक्यातले, वैरागच्या पुढच्या एका गावातले. त्यामुळे पुणे आणि बार्शी या दोन खात्यांतला फरक मला घरातला वाटतो.

आता मास्तरांचे आकडे. २०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार उत्तर युरोपात वर्षाला लाख पुरुषांमागे साधारण ८३ जणांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघतो. भारत ज्यात मोडतो त्या दक्षिण-मध्य आशियात सहाच्या आसपास. जगाच्या पाठीवर सगळ्यात कमी. तिकडं म्हातारे जास्त म्हणून हा फरक दिसतो असंही नाही, कारण वयाचा हिशेब आधीच जुळवून घेतलेला असतो. देशातल्या देशातही असंच आहे. दिल्लीचा दर लाखाला दहाच्या वर गेलेला. दिल्ली, कोलकाता, तिरुवनंतपुरम आणि आपलं पुणे, इथल्या पुरुषांत हा दुसऱ्या क्रमांकाचा कॅन्सर असल्याचं नोंदणीच्या अहवालांत आलेलं आहे, मुंबई-बंगळुरूत तिसऱ्या. बार्शीच्या खेड्यांत मात्र अगदी तुरळक.

म्हणजे पुण्यात राहिलं की होतो आणि वैरागला राहिलं की होत नाही? दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरमध्ये पुरुषाचं शरीर एवढं बदलतं?

अण्णांचं काय झालं ते सांगते. रात्रीतून चारचारदा उठायचे. धार बारीक झालेली. घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कुणी बोलायचं नाही. मी एकदा दिवाळीत विचारलं तर म्हणाले, "वयाचं हाय गं ते. त्याला काय दवाखाना!" त्यात खोटं काही नाही. उतारवयात बहुतेकांची प्रोस्टेट ग्रंथी साधीच वाढते, त्याचा कॅन्सरशी संबंध नसतो, आणि लघवीचा त्रास बहुधा त्यामुळेच होतो. सुरुवातीचा कॅन्सर तर काहीच त्रास देत नाही. पुढं अण्णांची कंबर धरली. तेल झालं, शेक झाला, हाडवैद्य झाला, बार्शीत इंजेक्शनं झाली. ऊस तोडणीला आलेला, त्यामुळे महिनाभर तसाच गेला. पायातली ताकद जायला लागली तेव्हा मुलगा त्यांना गाडीत घालून पुण्याला घेऊन आला. पीएसए नावाची रक्ताची तपासणी केली तर आकडा शेकड्यांत. मणक्यांत, कमरेच्या हाडांत सगळीकडं पसरलेलं.

या आजाराला पुरुषी हार्मोनचं खाद्य लागतं, ते तोडलं की तो काही काळ मागं हटतो. हे १९४१ साली चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हार्मोन तोडायचे दोन मार्ग. दर काही महिन्यांनी महागडं इंजेक्शन घ्यायचं, नाहीतर एकदाच छोटं ऑपरेशन करून दोन्ही वृषणं काढायची. डॉक्टरांनी दोन्ही नीट समजावले. अण्णांनी मुलाकडं पाहिलं, इंजेक्शनचा खर्च विचारला, आणि ऑपरेशन सांगितलं. वहिनींना बाहेर बसवून सांगितलं. आपल्याकडं हजारो पुरुष हा निर्णय असाच घेतात, आणि गावात कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घालतात. त्यानंतर कंबर बरीच मोकळी झाली, ते काठीशिवाय चालायला लागले, उसाचं एक पीक पुन्हा त्यांनी स्वतः घेतलं. मग आजार परत उलटला.

आता असं धरा की मुलगा त्यांना पुण्याला घेऊन आलाच नसता. कंबरदुखीत अंथरूण धरलं असतं, आणि ग्रामपंचायतीच्या वहीत 'वृद्धापकाळ' एवढंच लागलं असतं. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. बाकीचे कशानं गेले ते त्यांच्या घरच्यांच्या आठवणीत. बार्शीच्या नोंदणीला मी दोष देत नाही, उलट तिच्याबद्दल मला फार आदर आहे. तिथले कार्यकर्ते हॉस्पिटलात बसून राहत नाहीत. गावोगाव हिंडतात, लोकांना लक्षणं समजावतात, संशयित माणसाला तपासणीला नेतात. पण जो स्वतःच सांगत नाही आणि ज्याची तपासणीच होत नाही, त्याला मोजणार कसं? फॉर्म भरायला आधी केसपेपर लागतो.

दुसऱ्या टोकाला माझ्या नणंदेचे यजमान. राहायला न्यू जर्सीत, वय सत्तरीच्या आसपास. दरवर्षीच्या तपासणीत पीएसए थोडा वाढलेला दिसला, एमआरआय झाला, बायोप्सी झाली, आणि कॅन्सर निघाला. अगदी सौम्य जातीचा. डॉक्टरांनी काहीही केलं नाही. ठरावीक काळानं तपासत राहू म्हणाले. आज ते सकाळी टेनिस खेळतात. अमेरिकेच्या आकड्यात ते 'एक रुग्ण' आहेत. पीएसए तपासणी सर्रास व्हायला लागल्यावर तिथला दर असा काही चढला की १९९२ साली तो शिखराला पोहोचला. त्या वर्षी अमेरिकेतल्या पुरुषांना नवं काही झालं नव्हतं, लोक शोधायला लागले होते. दुसऱ्याच कारणानं वारलेल्या म्हाताऱ्या पुरुषांचं शवविच्छेदन केलं तर ऐंशीच्या घरातल्या निम्म्याहून जास्त जणांत हा कॅन्सर छोटासा, गुपचूप बसलेला सापडतो. शोधला असता तर तेही रुग्ण झाले असते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात लवकर सापडलेल्या रुग्णांचे तीन गट केले: ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसतं लक्ष ठेवणं. पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत या कॅन्सरनं गेलेले साधारण तीन टक्केच होते.

मग सगळा फरक शोधण्या-न शोधण्याचाच का? तसंही नाही, आणि हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. इंग्लंडचं उदाहरण घ्या. सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांना तीच. २००८ ते २०१० च्या नोंदींवरून काढलेला हिशेब असा, की तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांपैकी आयुष्यभरात चारातल्या एकाला हा कॅन्सर निघतो, गोऱ्यांत आठातल्या एकाला, आणि आशियाई वंशाच्या पुरुषांत तेरातल्या एकाला. यानं मरण्याची शक्यता अनुक्रमे बारात एक, चोवीसात एक, चव्वेचाळीसात एक. शोधण्यातल्या फरकानं मृत्यू एवढे बदलत नाहीत. वंशातून काहीतरी येतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. जगात या कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त आहे ते कॅरिबियन बेटांवर आणि आफ्रिकेच्या सहाराखालच्या देशांत, युरोपात नाही. मास्तरांचं 'गोऱ्या लोकांचा आजार' इथं साफ कोसळतं.

कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप आणि मार्टिनिकची कथा तर वाचवत नाही. फ्रान्सच्या ताब्यातली ही बेटं. केळीच्या बागांवर क्लोरडेकोन नावाचं कीटकनाशक १९९३ पर्यंत वापरलं, ते अजून तिथल्या मातीत आणि पाण्यात आहे. २०२१ साली फ्रान्सनं अशा कीटकनाशकांत काम केलेल्या शेतकऱ्या-मजुरांचा प्रोस्टेट कॅन्सर हा व्यवसायातून झालेला आजार म्हणून मान्य केला. उसाला आणि द्राक्षाला फवारे मारणारा आपला शेतकरी आठवल्याशिवाय मला ते वाचता आलं नाही.

शिवाय माणूस देश बदलतो तसा त्याचा दरही बदलतो. जपानमधून अमेरिकेत गेलेल्यांत तो वाढला, आपल्या माणसांतही तिकडं गेल्यावर वाढतो. त्यात तपासणीचा वाटा किती आणि खाण्या-राहण्याचा किती, हे नेमकं वेगळं करता आलेलं नाही. म्हणून "आपल्या हळदीनं वाचवलंय" असं कुणी छातीठोक सांगायला लागलं की मला राग येतो. तसं सिद्ध झालेलं नाही. गोळ्यांचंही तेच. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम यांनी हा कॅन्सर टळतो का हे पाहायला अमेरिकेत ३५ हजार पुरुषांवर मोठी चाचणी झाली, आणि २०११ साली निकाल लागला तो असा की नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला. आपल्या मेडिकलमध्ये त्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात.

मला ज्या आकड्यानं झोप लागू दिली नाही तो वेगळाच आहे. भारतात २०२० साली अंदाजे ३४,५०० नवे रुग्ण आणि १६,८०० मृत्यू. अमेरिकेत २०२४ चा अंदाज सुमारे तीन लाख नवे रुग्ण आणि ३५ हजार मृत्यू. मरणारे आणि त्या वर्षी सापडलेले तेच नसतात, हे मान्य. तरी आपल्याकडं दोन रुग्णांमागे एक मृत्यू आणि तिकडं आठ-नऊ रुग्णांमागे एक. अमेरिकेचा आकडा निरुपद्रवी कॅन्सरांनी फुगलेला आहे, ते धरूनही आपल्याकडचं चित्र भयंकर आहे. आपला दर कमी आहे त्यात समाधान मानायचं, तर आपल्याकडं सापडतात ते अण्णांसारखे, हाडांत गेल्यावर सापडलेले, हे विसरावं लागतं.

बार्शी आणि शेजारच्या धाराशिव भागात बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर केवढं काम झालं! १९९० च्या दशकातच बार्शीच्या नोंदणीनं दाखवून दिलं की नुसतं गावात बोलल्यानं, माहिती दिल्यानं बायका लवकरच्या टप्प्यावर यायला लागल्या. पुढं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला, तो जगभर वाचला गेला. ज्या गावांत बायका ओट्यावर बसून अंगावरून जाण्याबद्दल बोलायला शिकल्या, त्याच गावांत पुरुष लघवीबद्दल बोलत नाहीत.

याचा अर्थ प्रत्येक सोसायटीत पीएसएची शिबिरं भरवा असा मी काढत नाही. युरोपातल्या मोठ्या अभ्यासाची तेवीस वर्षं पुरी झाली, त्यात तपासणीमुळे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. पण एक मृत्यू टाळायला ४५६ पुरुषांना बोलवावं लागलं आणि एरवीपेक्षा १२ जास्त जणांना 'तुम्हाला कॅन्सर आहे' असं ऐकावं लागलं. 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये पीएसए टाकून, रिपोर्ट मोबाइलवर पाठवून मोकळं होणं मला बिलकूल आवडत नाही. समोर समजावणारा डॉक्टर नसेल तर तो आकडा माणसाला पोखरतो. पण वडिलांना किंवा भावाला हा आजार झालेला असेल, घरात स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेला बीआरसीए-२ हा जनुकातला दोष निघालेला असेल, तर पन्नाशीच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा. अण्णांच्या मुलाला मी हेच सांगितलंय आणि तो जाऊन आला. आणि साठीच्या पुढच्या माणसाची कंबरदुखी महिनाभरात थांबली नाही, रात्रीची झोप मोडायला लागली, तर तेलाच्या बाटलीबरोबर लघवीचाही विषय काढा. बायकोनं काढा, सुनेनं काढा. डॉक्टरांनीही ब्लडप्रेशरच्या गोळ्या लिहून देताना तो प्रश्न विचारावा, गुदद्वारातून बोटानं प्रोस्टेट तपासावी. त्याला दोन मिनिटं लागतात.

एक शेवटची विनंती आहे, ती माझ्या टेबलाची. गावाकडून पेशंट आला की घरचे नोंदणीच्या खिडकीवर पुण्यातल्या भाच्याचा, पुतण्याचा पत्ता देतात. पत्र इथंच येईल, फोन इथंच लागेल, असा साधा विचार असतो. रेशनकार्डावर एक पत्ता, केसपेपरवर दुसरा. मग गावाकडचा माणूस पुण्याच्या खात्यात जाऊ शकतो. अण्णांच्या मुलानंही माझा सहकारनगरचा पत्ता लिहिला होता. मी खिडकीवर जाऊन तो बदलून घेतला, गाव, तालुका, जिल्हा सगळं पूर्ण. तुम्ही कुणाला घेऊन आलात तर तेवढं करा. पुण्याचा पत्ता संपर्कासाठी वेगळा लिहिता येतो, त्याला रकाना असतो. आणि "इथं किती वर्षं राहतात?" असं कुणी विचारलं तर वैतागू नका, खरं ते सांगा.