कैलास परिक्रमा: डोल्मा खिंडीच्या पलीकडे घोडा नाही, हे आधी वाचा

आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल. तिबेटातल्या कैलास पर्वताभोवतीच्या तीन दिवसांच्या परिक्रमेला घोडा केला तरी डोल्मा खिंडीच्या (वाटेवरचा सगळ्यात उंच माथा) पलीकडचा उतार तुम्हाला स्वतःच्या पायांनीच उतरायचाय. घोडेवाला खिंडीच्या माथ्यावर तुम्हाला खाली उतरवतो, मोकळा घोडा घेऊन पुढे निघून जातो आणि तुम्ही दगडाधोंड्यांतून खाली. जास्त पैसे देते म्हटलं तरी बसवून नेत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे, तिथे घोड्याचा पाय सटकला तर वरचा माणूस वाचायचा नाही. पण हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. उलट "मॅडम, घोडा तिन्ही दिवसांचा आहे, वहिनींना नुसतं बसून राहायचंय" हे ज्यांच्याकडे बुकिंग केलं त्यांनी फोनवर दोनदा सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय.

आम्ही नाशिकहून तिघं. मी, माझा दादा आणि वहिनी. मी सह्याद्रीत बरीच वर्षं फिरतेय, दादा रोज पाच किलोमीटर चालणारा, वहिनी साठीच्या पुढे आणि उजवा गुडघा दुखरा. भारतीयांसाठी २०२० पासून यात्रा बंद होती, ती २०२५ च्या उन्हाळ्यात सुरू झाली म्हटल्यावर वहिनींना थांबवणं शक्यच नव्हतं, त्या पाच वर्षं वाट बघत होत्या. सरकारी यात्रेत नंबर लागणं अवघड, त्या वर्षी उत्तराखंडातल्या लिपुलेखमार्गे ५० जणांच्या ५ तुकड्या आणि सिक्कीममधल्या नाथू लामार्गे तशाच १० तुकड्या, म्हणजे सगळ्या देशातून मिळून ७५० माणसं. शिवाय तिथे मेडिकल कडक, दिल्लीत एकदा आणि वर चढताना पुन्हा एकदा, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ च्या वर असेल तर घरी. म्हणून आम्ही खासगी टूरने नेपाळमार्गे गेलो. आता वाटतं की तो कडकपणा ज्यांना जाचक वाटतो त्यांनी एकदा डोल्माचा उतार बघावा. खासगीत आमच्याकडून फक्त एक फॉर्म भरून घेतला, वहिनींच्या गुडघ्याबद्दल त्यात मी स्पष्ट लिहिलं होतं, तरी कोणी एक प्रश्न विचारला नाही.

रस्त्याबद्दल थोडक्यात. काठमांडू ते नेपाळच्या सरहद्दीजवळचं स्याफ्रुबेसी हा रस्ता खराब आहे, पाठ दुखणार, दुसरं काही नाही. रसुवागढीचा मितेरी पूल ओलांडला की चीन आणि पुढे केरुंग, तिबेटातलं पहिलं मुक्कामाचं गाव. आम्ही जूनच्या शेवटी त्याच पुलावरून परत आलो आणि ८ जुलैला भोटेकोशी नदीच्या पुरात तो पूल वाहून गेला, ती बातमी घरी बसून बघताना आम्हा तिघांच्या तोंडून शब्द फुटला नाही. तेव्हा या वाटेने जाणाऱ्यांनी पूल-रस्त्याची त्या आठवड्याची परिस्थिती विचारूनच निघा, आणि पावसाळ्यात तर ही वाट घेऊच नका असं माझं मत.

केरुंग २८०० मीटरच्या आसपास आणि पुढचा मुक्काम सागा एकदम ४५०० च्या आसपास. खरा दगा इथे होतो. आमच्या कार्यक्रमात केरुंगला दोन रात्री छापल्या होत्या, प्रत्यक्षात एक दिली, कारण काय तर पुढच्या हॉटेलचं बुकिंग. दादाचं डोकं सागाला जे दुखायला लागलं ते परत खाली येईपर्यंत थांबलं नाही. म्हणून सांगते, केरुंगची दुसरी रात्र कापत असतील तर तिथेच सगळ्या ग्रुपने मिळून अडून बसा, एकट्याने बोललात तर "बाकी सगळे तयार आहेत" असं ऐकवतात. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) निघायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारून घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. ऑक्सिजनचे ते हलके डबे विकत घेऊ नका, काही मिनिटांत संपतात आणि माणसाला उगाच धीर देतात.

मानसरोवराच्या काठी दोन दिवस होतो. ते दिवस सोपे आणि सुंदर गेले, त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त एवढंच की सरोवरात उतरून स्नान करायला आता चिनी प्रशासनाची बंदी आहे, बादलीने पाणी काढून लांब जाऊन अंगावर घ्यायचं. हेही आम्हाला तिथे गेल्यावर कळलं आणि वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी भरायला चांगल्या झाकणाची बाटली घरूनच न्या.

आता घोड्याचा हिशोब. घोडा आणि पोर्टर दोन्ही वेगळे. घोडेवाला तुमची सॅक घेत नाही, सॅकसाठी पोर्टर लागतो. दोन्ही तिन्ही दिवसांसाठीच घ्यावे लागतात आणि सुरुवातीलाच. मधे दमल्यावर घोडा करू म्हणाल तर मिळत नाही. कोणाला कुठला घोडा हे चिठ्ठीवर ठरतं. पैसे युआनमध्ये रोख. आम्हाला नाशिकमध्ये सांगितलं होतं दोन हजार युआन, कैलासच्या पायथ्याच्या दारचेन गावात प्रत्यक्षात तीन हजारांच्या वर गेले, पोर्टरचे त्याशिवाय हजाराच्या वर. दर सरकारी आहे असं सांगतात, मग तो आम्हाला निघताना खरा का नाही सांगितला? काठमांडूतच युआन जास्तीचे घेऊन ठेवा, आपली कार्डं तिथे चालत नाहीत आणि ऐनवेळी ग्रुपमधल्या कोणाकडून तरी बदलून घेताना जो भाव पडतो तो वेगळाच. अर्ध्यातून परत फिरलात तर एक युआन परत मिळत नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना पहिल्याच दिवशी श्वास लागला, ते फिरले, पैसे गेले. तरीही फिरले ते शहाणपणाचं केलं.

पहिला दिवस, यमद्वार (जिथून परिक्रमेचं चालणं सुरू होतं) ते डेरापुक, साधारण १२ किलोमीटर, नदीकाठाने, चढ असा फार नाही. रोज चालणाऱ्याला जमतो. मुक्काम ५००० मीटरच्या आसपास. खोल्या साध्या, संडास अतिशय घाण, तयारीत राहा. पण संध्याकाळी ढग बाजूला झाले आणि उत्तर बाजूचा अख्खा कैलास समोर उभा राहिला, दोन डोंगरांच्या मधोमध, काळा कडा आणि त्यावर बर्फाच्या आडव्या रेघा. वहिनी हात जोडून उभ्या होत्या, थंडीने बोटं निळी पडली तरी आत यायला तयार नव्हत्या. मी देवाधर्माचं फार करणारी नाही, पण मीही तिथून हलले नाही. एवढं दर्शन झालं तरी यात्रा झाली असं मी मनापासून म्हणते. ज्यांना पुढे जायची शंका आहे त्यांनी इथूनच परत फिरावं, त्यात काहीही कमीपणा नाही. आमच्या ३६ जणांपैकी निम्म्याहून जास्त इथून फिरले.

रात्री दादाच्या रक्तातला ऑक्सिजन ६८ टक्के. त्याने स्वतःच ठरवलं, आपण खाली जायचं. वहिनी म्हणाल्या मीही येते. तर दादाच म्हणाला, "अगं तू जा, घोडा आहे ना, बसून तर जायचंय, पाच वर्षं वाट बघितलीस." फोनवरच्या त्या एका वाक्याच्या भरवशावर आम्ही हा निर्णय घेतला. आमच्या शेर्पा गाईडने (नेपाळीत दाई म्हणजे दादा, आम्ही त्याला तेच म्हणायचो) "दिदी, ओरालो गाह्रो छ" असं काहीतरी म्हटलेलं मला आठवतंय, ओरालो म्हणजे उतार आणि गाह्रो म्हणजे अवघड हे मला नंतर कळलं. तेव्हाच नीट विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. लक्षात ठेवा, तिथे घड्याळ बीजिंगचं, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे शरीराच्या हिशोबाने पहाटेचे साडेतीन. मिट्ट काळोख, हेडटॉर्च हवाच. चढ दमवतो, दहा पावलं टाकून थांबायचं, पण पावलाला भरवसा असतो, वाट मळलेली आहे. तिबेटी म्हाताऱ्या बायका माळ ओढत शेजारून पुढे जातात, काहीजण अख्खी ५२ किलोमीटर लोटांगण घालत करतात, त्यांच्याकडे बघून पाय आपोआप पुढे पडतो. वाटेतलं शिवस्थळ गेलं, आणि दहाच्या सुमारास डोल्मा ला, म्हणजे डोल्मा खिंड, ५६३० मीटर. पताकाच पताका. वहिनी घोड्यावरून उतरल्या, मोठ्या शिळेला डोकं टेकवलं, उदबत्ती लावायचा प्रयत्न केला, वाऱ्याने लागली नाही. मी पाया पडून वर बघितलं तर घोडेवाला रिकामा घोडा घेऊन पलीकडे उतरत होता.

वाटलं फोटोसाठी पुढे थांबेल. थांबला नाही. दाई म्हणाला, दिदी, इथून सगळे चालतच जातात.

उतार सुरू होतो तसं थोड्या वेळात उजव्या हाताला खाली गौरीकुंड दिसतं, हिरवं पाणी, काठाला बर्फ. वरूनच नमस्कार करा. पाणी आणायला खाली जाऊ नका, ती उतरण आणि परतीची चढण तुमची उरलेली ताकद खाऊन टाकते. पोर्टर पैसे घेऊन आणून देतात, नाहीतर राहू द्या.

आणि मग तो पट्टा. ट्रेकवाल्यांना सांगायचं तर घसारा आणि बोल्डर दोन्ही एकत्र. सुटे दगड, काही डोक्याएवढे, काही माठाएवढे, मधे वितळून परत गोठलेल्या बर्फाचे चकचकीत तुकडे, आणि वाट अशी एक नाही, जो तो आपल्याला जमेल तसा उतरतो. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट उतरलेल्यांना अंदाज येईल, फक्त इथे हवा निम्मी आहे आणि तुम्ही त्याआधी चार तास चढून आलेले आहात. त्यात गारा सुरू झाल्या. वहिनींचा उजवा गुडघा तिसऱ्याच दगडाला गेला. त्यापुढे प्रत्येक पायरीला बसायचं, डावा पाय खाली सोडायचा, मग मी खालून धरायचं, मग दाई वरून काखेत हात घालून सोडणार. एका पोलवर, म्हणजे चालायच्या एका काठीवर. एकच पोल होता कारण "घोडा आहे तर पोल कशाला" म्हणून त्यांचा जोड दारचेनला ठेवला होता. एका ठिकाणी त्या बसल्या आणि म्हणाल्या, "मला इथेच राहू दे गं, तू जा पुढे." आवाजात रडणं नव्हतं, शांतपणे म्हणाल्या, आणि त्यानेच मला भीती वाटली. मी बॅगेतली चिक्की त्यांच्या तोंडात घातली, गरम पाणी पाजलं आणि ओरडले. वहिनींवर आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. उठल्या.

धडधाकट माणूस जो उतार तास-सव्वा तासात उतरतो त्याला आम्हाला साडेतीन तास लागले. खाली चहाच्या तंबूपाशी घोडेवाला बसला होता, आमच्यासाठी थांबला होता. बाकीचे घोडे कधीच पुढे गेलेले. त्याने काही न बोलता वहिनींचे मोजे बदलायला मदत केली. त्याला आम्ही वेगळे पैसे दिले आणि ते मला अजिबात महाग वाटले नाहीत. माझी तक्रार या माणसांबद्दल नाहीच, माहिती लपवून बुकिंग घेणाऱ्यांबद्दल आहे. पुढचे नऊ-दहा किलोमीटर नदीकाठचं सपाट आहे पण संपत नाही. झुटुलपुकला, दुसऱ्या मुक्कामाला, पोचलो तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते, उजेड मात्र होता, तिथे जूनमध्ये नऊनंतरही दिसतं. तिसरा दिवस दीड-दोन तासांचा आहे, मग बस, मग दारचेन, त्यात काही नाही.

म्हणून स्पष्ट सांगते. घोडा करायचा की नाही हे चढ बघून ठरवू नका, उतार बघून ठरवा. घरी जिने उतरताना कठडा धरावा लागत असेल तर डेरापुकच्या पुढे जाऊ नका, कोणी काहीही सांगू दे. जायचंच असेल तर पोल दोन, ते पोर्टरकडे नाही, स्वतःकडे. गुडघ्याला पट्टा चढावरच बांधा. जूनच्या सुरुवातीला जाणाऱ्यांनी बुटांना लावायचे स्पाइक न्या. खायला खिशात, सॅकेत नाही, कारण पोर्टर कुठे असेल सांगता येत नाही. आणि दोघांपैकी एक परत फिरत असेल तर दुसऱ्याबरोबर चालणारं आपलं माणूस असल्याशिवाय पुढे पाठवू नका. 

२०२६ हे तिबेटी अश्ववर्ष आहे, बारा वर्षांनी येतं, त्या वर्षी एका परिक्रमेला तेरा परिक्रमांचं पुण्य असं मानतात. म्हणजे गर्दी जास्त, घोडे कमी पडणार, आणि "सगळं होतं हो" म्हणणारे फोनही जास्त येणार. बुकिंग करताना हे तीन प्रश्न लेखी विचारा: केरुंगला रात्री किती, घोड्याचा आजचा दर युआनमध्ये किती, आणि डोल्मानंतर माणूस चालत उतरतो की नाही. तिसऱ्याला "बघू, मॅनेज होतं" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

वहिनींच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळली, गुडघ्याला अजून फिजिओथेरपी चालू आहे. त्यांना विचारलं तर म्हणतात परत जाईन. मी त्यांना डेरापुकपर्यंत नेईन, परत एकदा, मनापासून. त्याच्या पुढे नाही.