बचत गटात हप्ता थकला की

नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नोंदी. बचत गटाची ही पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते. एखादीकडून परतफेड चुकली तर काय करायचं, हे मात्र फार थोडे गट आधी ठरवून ठेवतात. मग दंड चढत जातो, ती बाई ओशाळते आणि बैठकीला यायचीच बंद होते. माझं मत असं, की सूट जरूर द्यावी, पण भर बैठकीत आणि ठराव लिहून. अध्यक्षांनी आपल्या जावेला गुपचूप दिलेल्या सवलतीने गट फुटतात.

समजा, 12 जणींच्या गटात एकीने 6,000 रुपये घेतले. व्याज महिना 2 टक्के, मुद्दलाचे 500 चे 12 हप्ते. चार हप्ते भरले, मग घरात आजारपण आलं आणि तीन महिने काहीच जमा झालं नाही. मुद्दल 4,000 बाकी, व्याज 80 प्रमाणे 240, दंड 20 प्रमाणे 60. दंड खुशाल माफ करा, तो शिस्तीपुरता असतो. व्याज गटाच्या नफ्यात जातं. 240 सोडले तर प्रत्येकीच्या वाट्याचे 20 रुपये जातात, म्हणून ते प्रत्येकीला विचारूनच सोडावं. मुद्दल सोडू नये, ती बाकीच्यांची बचत आहे. त्याऐवजी हप्ता 250 करा. फेड 8 ऐवजी 16 महिन्यांत होईल आणि व्याज उरलेल्या रकमेवर, आधी 80, मग 75, असं उतरत जाईल.

तिची अडचण तिने स्वतः सांगावी. घरचं सगळं उघड करायला लावू नका; 'आजारपण' एवढं इतिवृत्तात पुरे.

नवं-जुनं मात्र करू नका. नवं कर्ज दाखवून जुनं फेडलं की वही स्वच्छ दिसते आणि बाईचा बोजा वाढतो.

गटाच्या नावावर घेतलेल्या बँकेच्या कर्जाला गटाची माफी चालत नाही. हप्ता थकून 90 दिवस उलटले की खातं एनपीएत, म्हणजे बँकेच्या थकीत कर्जांत, जातं आणि भोगावं सगळ्यांना लागतं. तेव्हा जिचा हप्ता अडला तिचा हप्ता गटाच्या बचतीतून वेळेवर भरा आणि तेवढी रक्कम तिच्या नावे अंतर्गत कर्ज म्हणून लिहा.

बीडकडच्या ऊसतोड कामगार बायका दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात त्या थेट मार्च-एप्रिलला परततात. त्यांची गैरहजेरी हा दोषच नाही. निघण्याआधीच्या बैठकीत तेवढ्या महिन्यांची बचत पुढे ढकलल्याचा ठराव करा, म्हणजे दंडाचा प्रश्नच उरत नाही.

सगळ्यात अवघड प्रसंग सचिवाने रोकड घरखर्चाला वापरल्याचा. इथे ओरडाआरडा लगेच होतो, हिशोब मागे राहतो. आधी सगळ्यांसमोर रोकड मोजा, प्रत्येकीचं पासबुक खातेवहीशी ताडून पाहा, नेमकी तूट काढा. ती रक्कम तिच्याकडून लेखी मान्य करून घ्या आणि हप्ते बांधून द्या. त्याच बैठकीत नवी सचिव निवडून बँकेत सही बदलण्याचा ठराव द्या. ही सही बदलायची राहून जाते आणि महिनाभराने पुन्हा तोच संशय उभा राहतो. सभासद म्हणून तिला ठेवा. बैठकीत तिची जागा, तिची बचत, गरज पडल्यास कर्ज मागण्याचा हक्क पूर्वीसारखाच राहू द्या. रक्कम पूर्ण फिटली की तशी नोंद इतिवृत्तात घेऊन सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि पुढच्या बैठकीपासून तो विषय कोणी काढायचा नाही, हेही त्याच ठरावात लिहा.