मेंढरांच्या चालीने हम्पता

यंदा चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाली की हम्पता पासचा ट्रेक. तिकिटं काढायची वेळ जवळ आली म्हणून प्लॅन एकदाचा लिहून काढतोय, आमच्या चौघांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रत्येक जण रोज नवीन काहीतरी टाकतो आणि हवं तेव्हा कोणालाच सापडत नाही.

हम्पता म्हणजे हिमाचलातली कुल्लूकडून लाहौलात उतरणारी खिंड, उंची साधारण ४२७० मीटर. दोरबीर लागत नाही, चालायची सवय असलेल्याला जमते, म्हणून मॉडरेट म्हणतात. पण ही वाट मुळात ट्रेकवाल्यांची नाहीच, गद्दी मेंढपाळांची आहे. ते मूळचे चंब्यातल्या भरमौरकडचे, हिवाळा कांगड्याच्या खालच्या टेकड्यांत काढतात आणि उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्या घेऊन असल्या खिंडी ओलांडून वरच्या कुरणांवर जातात.

दोन वर्षांपूर्वी मी ही वाट अर्ध्यातून सोडून आलोय. जूनअखेर होती. एका ग्रुपबरोबर गेलेलो, मोपावरून विमान, दुसऱ्या संध्याकाळी मनाली, लगेच सकाळी जीपने जोबरा, जिथून चालायला सुरुवात होते, आणि चौथ्या दिवशी बालू का घेरा हा खिंडीखालचा मुक्काम, म्हणजे ३६०० मीटरच्या आसपास. मी गोव्यातल्या पेडण्याचा माणूस, घराच्या गच्चीवरून खाडी दिसते. रात्रभर डोकं फुटायची वेळ, दोनदा उलटी, आणि सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकलो तर गाठ कशी मारायची तेच सुचेना, दोन्ही टोकं हातात धरून नुसता बसलो. लीडर म्हणत होता गोळी घ्या आणि चला, वर गेलं की बरं वाटेल. माझ्या मावसभावाने काही ऐकलं नाही, मला हाताला धरून सरळ खाली घेऊन आला. त्याचे उपकार मी विसरणार नाही. विरळ हवा बाधल्यावर वर चढणं हा उपाय नव्हेच, उतरणं हाच उपाय.

उतरताना वाटेत एक कळप लागला, तिथेच दगडावर टेकलो. एक म्हातारा गद्दी, अंगात लोकरी चोळा, कमरेला काळ्या लोकरीच्या दोरीचे वेढेच्या वेढे. त्याने कापडी पिशवीतून जाडं मीठ काढलं आणि एका सपाट दगडावर मूठमूठ ठेवत गेला. शेळ्या धावत आल्या. खरखर खरखर जिभांचा आवाज, मीठ संपलं तरी दगड चाटणं चालूच, आणि तो दगड मधोमध इतका गुळगुळीत झालेला की हात फिरवावासा वाटला. आम्ही समुद्राकाठचे कळल्यावर त्याने विचारलं, इथवर यायला किती दिवस लागले. चार, म्हटलं. त्याची मेंढरं चैत्रापासून चढत होती.

बाकी कुठल्या डॉक्टरने सांगूनही एवढं डोक्यात गेलं नसतं.

तर या वेळी मेंढरांची चाल. मडगावहून चंदीगडला संपर्क क्रांतीने जायचं, तिथून रात्रीची बस. मनाली २०५० मीटरवर आहे, तिथे दोन रात्री, फिरायचं ते सावकाश. तिसरी रात्र सेठण गावात, २७०० च्या आसपास. मग जोबऱ्याहून चालत चिका, ३१०० मीटर, छोटाच टप्पा आणि नदीकाठचं सुंदर मैदान. मग बालू का घेरा, आणि तिथे एक अख्खा दिवस जास्तीचा, हा दिवस कोणीही कितीही फ्रेश असलं तरी कापायचा नाही हे मी आधीच सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय. तीन हजारच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये असं सांगतात, या हिशोबात ते बसतं. त्यानंतर पहाटे निघून खिंड आणि पलीकडे सियागोरू, ३९०० मीटर. दुसऱ्या दिवशी छत्रू, आणि तिथून गाडीने अटल टनेलमधून मनालीला परत. डायमॉक्स, म्हणजे विरळ हवेच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही ते आपापल्या डॉक्टरला विचारा, मित्राने दिली म्हणून घेऊ नका.

सियागोरूचा नाला मात्र सकाळीच ओलांडायचा. रात्रीच्या थंडीने वरचं बर्फ वितळायचं थांबतं म्हणून पहाटे पाणी कमी, दुपारपर्यंत तोच नाला कमरेपर्यंत येऊ शकतो. सॅकच्या पट्ट्या सोडून, एकमेकांचे हात धरून. बर्फाचं पाणी आहे, पाय बधिर होतात.

सप्टेंबर का, तर जुलै-ऑगस्टला कुल्लूकडे पाऊस मरणाचा. खिंडीपलीकडे लाहौल मात्र कोरडं, अलीकडे हिरवंगार आणि पलीकडे नुसते तपकिरी डोंगर. आपल्याकडे भर पावसात चोर्ला घाट चढून जांबोटी सोडली की पाऊस कसा ओसरत जातो, तेच इथे शंभर पटीने. आणि सप्टेंबरात कळप लाहौलातून खाली परतत असतात, म्हणजे ते समोरून भेटतील. कळप आला की वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला उभं राहायचं, दरीकडे कधीच नाही. मधून घुसायचं नाही, त्यांचे कुत्रे बिबट्या-अस्वलाशी भिडायला ठेवलेले असतात, गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा असतो. दगडांचे आडोसे दिसले तर ते त्यांचे मुक्काम, आपला तंबू बाजूला लावायचा. आणि पाणी उकळूनच प्यायचं, वर शेकडो जनावरं चरत असतात.

तयारी सुरू आहे. दर रविवारी आंबोली नाहीतर सत्तरीतला वाघेरी, जळवा लागतात पण बूट आत्ताच पावसात मुरलेले बरे. सुर्ल्याकडे गवळी-धनगरांच्या पाऊलवाटा आहेत, त्यांवरून चाललात तर लक्षात येईल, जनावरांमागून चालणारा माणूस चढ कधी अंगावर घेत नाही, वळसा घेतो पण दम लागू देत नाही.

सॅकमध्ये यंदा एक जास्तीची पिशवी आहे, आगरवाड्याच्या मिठागरातलं दोन किलो जाडं मीठ. मित्र म्हणाले एवढं ओझं कशाला, तिथे मीठ मिळत नाही का. मिळतं. तरी न्यायचंय. आईने तेवढं बजावलंय की मीठ कुणाच्या हातात द्यायचं नाही, भांडण होतं, खाली ठेवायचं आणि त्याने उचलायचं. मी म्हटलं आई, तिथे ते दगडावरच ठेवतात.