मराठी टाकून मिळेल

आमच्या घरातल्या संगणकात मराठी मी टाकली. तारीख आठवत नाही. साल 2006, दिवस पावसाळ्याचे, आणि दुपारी दोनला वीज जाणार होती एवढं मात्र पक्कं आठवतं.

'टाकणे' हाच तेव्हाचा शब्द. सॉफ्टवेअर टाकायचं, विंडोज मारायची. 'स्थापित करणे' हे फक्त सरकारी पत्रकात. आपल्या भाषेत टाकण्याला काही धरबंध नाही. अंगणात सडा टाकतात, उकिरड्यावर कचराही टाकतात. पैसे बँकेत टाकतात, ओळखीच्या माणसाकडे शब्द टाकतात, आणि नवऱ्याने सोडलेल्या बाईलाही 'टाकलेली' म्हणतात. तेव्हा मराठी टाकली म्हणजे नेमकं काय केलं, हा प्रश्न रास्त आहे.

झालं असं, की ताई लग्न होऊन न्यू जर्सीला गेली आणि तिथून रोमन लिपीत मराठी मेल पाठवू लागली. बाबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मराठी टायपिंगची चाळीसची परीक्षा पास. इंग्रजी वाचायला त्यांना काही अडचण नव्हती, पण इंग्रजी अक्षरांतली मराठी वाचताना ते एकेका शब्दाशी भांडत. 'काल भात केला' हे त्यांनी 'कल भट केला' असं वाचलं आणि बराच वेळ तो भट कोण याचा विचार करत बसले. 'मी बरी आहे' हे 'मी बारी आहे' झालं. "ही बारी कसली?" त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, "मला काय विचारता, तुमची मुलगी."

मग ताईने एक मेल देवनागरीतून पाठवली. ती उघडली तर ओळीच्या ओळी चौकोन. रिकामे, सारख्या मापाचे, बिनखिडक्यांच्या चाळीसारखे. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वर्तमानपत्रांच्या साइट तोवर ज्याने त्याने आपापला फॉन्ट उतरवायला लावून चालत होत्या, त्यामुळे मला वाटलं हाही कुठलातरी फॉन्ट असेल. पण हे युनिकोड होतं, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी एकच सामाईक पद्धत, आणि त्याचं सगळं सामान विंडोज एक्सपीबरोबरच येत असे. फक्त ते संगणकात नसून सीडीवर पडून असे.

रस्ता असा. कंट्रोल पॅनेल, त्यात रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, त्यातला दुसरा टॅब. तिथे 'गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा' अशा अर्थाची एक ओळ, तिच्यापुढे रिकामी चौकट. चौकटीत खूण केली की निरोप येई: तुम्ही अरबी, आर्मेनियन, जॉर्जियन, हिब्रू, भारतीय, थाई आणि व्हिएतनामी भाषांच्या फाइली निवडल्या आहेत, 10 मेगाबाइट किंवा अधिक जागा लागेल. एवढ्या गावांची पाहुणेमंडळी आणि सगळ्यांना मिळून दहा मेगाबाइट! चिनी-जपानी-कोरियन यांची चौकट खाली वेगळी होती. त्यांना 230 लागत.

मी हे बाबांना वाचून दाखवलं. "गुंतागुंतीची?" ते म्हणाले. "मराठी? मोडी दाखवा म्हणावं यांना."

ओके म्हटलं आणि पुढची खिडकी आली: विंडोज एक्सपीची सीडी ड्राइव्हमध्ये घाला.

सीडी कुठली असायला! संगणक 'असेंबल' केलेला. ज्याने जोडून दिला तो त्या दिवशी सीडी घेऊन आला, विंडोज मारली आणि सीडी खिशात घालून गेला. "काका, सगळं टाकून दिलंय, काही लागणार नाही." त्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसलो होतो. निळ्या पडद्यावर अटी आल्या, त्याने न वाचता एफ-एट दाबलं. मग सेटअपला 'सुमारे 39 मिनिटं' लागतील असं डावीकडे उमटलं. बाबांनी मनगटावरच्या घड्याळात वेळ पाहून ठेवली. ही 39 मिनिटं मुंबई-पुणे रस्त्याच्या शेवटच्या दहा किलोमीटरसारखी असत. 34 वर आली की तिथेच मुक्काम. मध्येच एक खिडकी आली, प्रदेश आणि भाषा विचारणारी. तिच्यात 'कस्टमाइझ' असं बटण होतं. ते दाबलं असतं तर त्याच बैठकीत मराठी आत आली असती. त्याने नेक्स्ट दाबलं. त्यावेळी मलाही ते बरोबरच वाटलं. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश हा तर तेव्हाचा तारक मंत्र.

शेवटी शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाकडे शब्द टाकला. तो सीडी घेऊन आला. चंदेरी, कोऱ्या पाठीची, तिच्यावर बॉलपेनने 'एक्सपी' लिहिलेलं. सीडी मूळची की उतरवलेली, हे विचारणं त्या काळी शिष्टाचारात बसत नसे. "काका, मी म्हणतो फॉरमॅटच मारून टाकू," तो म्हणाला. त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर हेच औषध होतं: सगळं पुसून पुन्हा विंडोज. बाबा इतक्या जोरात "नको" म्हणाले की स्वयंपाकघरातून आई बाहेर आली.

ट्रे बाहेर आला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांना सांगतो, ट्रे बाहेर येण्यात एक अदब होती. बटण दाबल्यावर क्षणभर काहीच होत नसे, मग आतून कुरकुर, आणि मग यजमानाने हात पुढे करावा तसा तो सावकाश पुढे येई. कधी येतच नसे. त्यासाठी पुढच्या बाजूला सुईएवढं भोक असे. जेमक्लिप सरळ करून त्यात खुपसायची.

आमचा ट्रे आला, सीडी बसली, दिवा लुकलुकला, आत वारं सुटल्यासारखा आवाज चढत गेला आणि एकदम बसला. पुन्हा चढला. पुन्हा बसला. फाइल सापडत नाही, असा निरोप. ड्राइव्हवर '52 एक्स' असं ठसठशीत छापलेलं होतं. गाण्याची सीडी ज्या वेगाने वाचली जाते, सेकंदाला 150 किलोबाइट, त्याच्या बावन्न पट. म्हणजे साडेसात मेगाबाइटच्या वर, तेही सीडीच्या काठाशी पोचल्यावर. त्या हिशेबाने सात भाषांचं बिऱ्हाड दोन-चार सेकंदांत आत यायला हवं होतं.

बाबांनी सीडी मागून घेतली आणि चष्म्याच्या फडक्याने गोल गोल पुसायला लागले, ग्रामोफोनची तबकडी पुसावी तशी. तो मुलगा कळवळला. सीडी वाचली जाते आतून बाहेर, मधल्या भोकाजवळून सुरू होऊन काठाकडे. तिच्यावर एकच एक चकरी रेघ असते, उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब. गोल पुसताना ओरखडा उमटला तर तो त्या रेघेच्या बाजूने लांबवर जातो आणि सलग मजकूर खातो. मधून काठाकडे सरळ पुसलं तर ओरखडा रेघेला आडवा जातो, तेवढं चुकणं ड्राइव्ह भरून काढतो. आणि आपण जपतो ती चकाकती बाजू तशी दणकट. तिच्यावर मिलिमीटरभर प्लास्टिक असतं. खरी नाजूक ती वरची बाजू, कारण मजकूर तिच्या लगेच खाली असतो. म्हणजे ज्या बाजूवर त्याने बॉलपेनने दाबून 'एक्सपी' लिहिलं होतं ती. हे मी बोललो नाही. सीडी त्याची होती.

तिसऱ्या खेपेला आवाज चढला आणि चढलेलाच राहिला. फाइली कुठून घेऊ, असं खिडकीने विचारलं. डी ड्राइव्ह, त्यात 'आय थ्री एट सिक्स' नावाचं फोल्डर. जुन्या इंटेल 386 चिपवरून पडलेलं नाव. आत शेकडो फाइली आवळून बांधलेल्या, प्रत्येकीच्या नावातलं शेवटचं अक्षर कापून तिथे एक आडवी रेघ. हिरवी पट्टी भरू लागली. नावं इतक्या भराभर जात होती की वाचता येईनात. त्यांच्यातच कुठेतरी 'मंगल' गेला असणार.

मंगल म्हणजे एक्सपीतला देवनागरी फॉन्ट. तो घडवला र. कृ. जोशींनी, मराठी कवी आणि सुलेखनकार. मुंबईत आयआयटीत त्यांनी कितीतरी वर्षं अक्षरकला शिकवली. हे मला फार नंतर कळलं. त्या दुपारी मला वाटत होतं की मराठी अमेरिकेहून आली आहे.

संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला. ताईची मेल उघडली. 'ती. बाबा, सा. न.' बाबांनी ती एकदा मनात आणि एकदा मोठ्याने वाचली. नंतर आईसाठी पुन्हा. मग म्हणाले, "आता मी लिहितो. कागद दे." कागद म्हणजे नोटपॅड.

खाली कोपऱ्यात 'ईएन' होतं, त्याचं 'एमआर' केलं. बाबांनी कॉलर नीट केली. नव्या वहीत पहिला शब्द लिहितात तोच त्यांना लिहायचा होता. कीबोर्ड इनस्क्रिप्ट पद्धतीचा, डाव्या हाताला स्वर आणि उजव्याला व्यंजनं, पण कळांवर छापलेलं काही नाही. मी कागदावर नकाशा काढून दिला. त्यांनी एका बोटाने श दाबला. श आला. मग हलन्त. श चा पाय मोडला. मग र दाबला, आणि पडद्यावर ते दोघं एकमेकांत शिरून श्र झाले. बाबांनी बोट उचललं. टाइपरायटरवर हे घडत नसे. तिथे श्र चा खिळा वेगळा, तयार. इथे तो डोळ्यांदेखत जुळला. मग दुसरी वेलांटी. श्री.

पुढच्या ओळीत चि. लिहायचा होता आणि तिथे भांडण लागलं. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. बाबांच्या बोटांत ती तीस वर्षं मुरलेली. त्यांनी वेलांटी आधी दाबली, तर पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचं एक पोकळ वर्तुळ आणि त्याला टेकलेली वेलांटी. "हे काय?"

"अक्षर आधी, बाबा. वेलांटी नंतर."

"उच्चारात नंतर, लिहिण्यात आधी," ते म्हणाले. "यांनी उच्चार धरला वाटतं." आणि मग जरा थांबून, "बरोबर आहे त्यांचं." माझ्या आठवणीत बाबांनी यंत्राला बरोबर म्हटलं ते तेवढं एकदाच.

अकरा ओळी लिहायला पावणेदोन तास लागले. बरोबर दोनला वीज गेली. यूपीएस बोंबलायला लागला. त्याचा जीव पाच मिनिटांचा. "सेव्ह कर, सेव्ह कर!" मी सेव्ह केलं. एक खिडकी आली, बऱ्यापैकी लांब मजकुराची. ती सांगत होती की या फाइलीत युनिकोड अक्षरं आहेत, आन्सी म्हणून, म्हणजे मराठी न मावणाऱ्या जुन्या पद्धतीने, ठेवलीत तर ती जातील. हे मी आज सांगतोय. तेव्हा यूपीएस टीं-टीं करत होता आणि मी ओके दाबलं. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश.

पाठवायचं रात्री ठरलं होतं, डायल-अपने दिवसा फोन अडकतो म्हणून. रात्रीही वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी चहाचा कप हातात घेऊनच फाइल उघडली. अकरा ओळी जागच्या जागी होत्या. स्वल्पविराम होते, टिंबं होती, शब्दांमधल्या जागा होत्या. अक्षरं तेवढी एकूण एक प्रश्नचिन्हं झाली होती.

मला तोंड वर करवेना. बाबा बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ????

"हे श्री," ते म्हणाले. "कालच मोजलंय, चार कळा." बोट खाली सरकलं. ?. ?. ?. "हे अ. उ. आ. टिंबं राहिलीत की." त्यांनी खिशातून पेन काढलं, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि खालच्या ओळी मोजत एकेक शब्द पुन्हा लिहायला घेतला. आई मागे येऊन उभी राहिली.

"हे काय लिहिलं होतंत?" तिने विचारलं.

?? ??? ???.

"आई बरी आहे."

"बारी तर नाही?"

"बारीला चार लागतात," बाबा म्हणाले.