आप्पांचा हयातीचा दाखला, पण आधी फोनची डागडुजी

पेन्शनवर चालणाऱ्या घरात नोव्हेंबर उजाडला की एकच विषय असतो, हयातीचा दाखला. माणूस जिवंत आहे हे वर्षातून एकदा बँकेला कळवायचं, नाहीतर पुढची पेन्शन थांबते. आमचे आप्पा मिरजेला रेल्वेच्या कॅरेज-वॅगन विभागात फिटर होते. निवृत्त झाल्यापासून दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन सही करून यायचे. पुढे बोटाचा ठसा घेणारं यंत्र आलं आणि त्यांचे हाल सुरू झाले. सगळी नोकरी लोखंडात गेलेली, बोटांवरच्या रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या. यंत्र ठसा घेईना. मग पुन्हा हात पुसा, पुन्हा बोट ठेवा, मागे रांग खोळंबलेली. 'मी समोर उभा आहे, तरी यांना पटत नाही' असं ते घरी येऊन म्हणायचे, तेव्हा मला फार वाईट वाटायचं. त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बँकेच्या पायऱ्या चढणंच बंद झालं. म्हणून या वेळी ठरवलं, दाखला घरातूनच काढायचा, चेहरा दाखवून.

ही सोय आहे हे अजूनही कित्येक घरांत माहीत नाही. डिजिटल दाखल्याची 'जीवन प्रमाण' योजना नोव्हेंबर २०१४ मध्ये आली, आणि ठशाऐवजी चेहऱ्यावरून ओळख पटवायची पद्धत नोव्हेंबर २०२१ मध्ये. त्यासाठी अँड्रॉइड फोनवर दोन अ‍ॅप लागतात. एक 'जीवन प्रमाण'चं स्वतःचं, ज्यात माहिती भरायची. दुसरं 'आधार फेस आरडी', जे चेहरा टिपून आधारच्या नोंदीशी ताडून बघतं. हे दुसरं आधार देणाऱ्या यूआयडीएआयचं आहे.

माझ्या फोनवरून हे पटकन झालं असतं, कारण फोन पेन्शनरचाच हवा अशी अट नाही. पण मी पुण्यात असते. पुढच्या नोव्हेंबरला मी मिरजेत असेनच असं नाही, आणि आप्पांनाही प्रत्येक वेळी लेकीची वाट बघायची नव्हती. 'माझ्या फोनवर करून दे, म्हणजे पुढच्या वेळी मी आणि तुझी आई बघू,' असं त्यांचं म्हणणं. मला ते मनापासून पटलं.

त्यांचा फोन हातात घेतला आणि कळलं की दाखल्याआधी फोनकडेच बघायला हवं. फेस आरडी इन्स्टॉल करायला गेले तर प्ले स्टोअरवर नुसतं 'प्रलंबित' दिसत राहिलं. आत जाऊन बघितलं तर कित्येक अ‍ॅपची अपडेट एकामागे एक रांगेत अडकलेली. आप्पांकडे वायफाय नाही आणि प्ले स्टोअरची सेटिंग 'फक्त वायफायवर अपडेट करा' अशी. म्हणजे फोन घेतल्यापासून जवळजवळ काहीच अपडेट झालेलं नव्हतं. त्यावर स्टोरेज गच्च भरलेलं. जागा नसेल तर अपडेट उतरत नाही, आणि रांग पुढे सरकली नाही तर फेस आरडीही उतरत नाही. सगळं एकात एक अडकलेलं.

सुरुवात जागेपासून केली. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' आणि त्यात 'स्टोरेज व्यवस्थापित करा' असा भाग आहे. तिथे अनेकदा फॉरवर्ड झालेल्या आणि ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली वेगळ्या काढून दाखवतात. फोन भरला की लोक गॅलरीत जाऊन एकेक फोटो पुसत बसतात, त्यापेक्षा हे कितीतरी सोपं. आप्पांच्या रेल्वेच्या ग्रुपवरून रोज सकाळी येणारे सुविचार, देवांचे व्हिडिओ, भजनं हे सगळं तिथे साठलेलं. पण मी सरसकट पुसलं नाही. आधी घरचे फोटो लॅपटॉपवर उतरवून घेतले, मग आप्पांना शेजारी बसवून एकेक ग्रुप उघडला. निवृत्तीच्या दिवशी शेडमध्ये झालेल्या सत्काराचा व्हिडिओ त्याच ढिगात होता. माणसाच्या फोनमधलं त्याला विचारल्याशिवाय पुसू नये, मग तो कितीही भरलेला असो. शेवटी मीडिया आपोआप डाउनलोड होण्याची सेटिंग बंद केली, म्हणजे पुन्हा तीच वेळ यायला नको.

नंतर अ‍ॅपची यादी काढली. 'फोन साफ करा', 'बॅटरी वाचवा', 'वेग वाढवा' असली अ‍ॅप कुठल्या ना कुठल्या जाहिरातीवर बोट पडून आलेली असतात. ती काम काही करत नाहीत, उलट स्वतःच जाहिराती दाखवत बसतात. ती काढली. एका साध्या टॉर्चच्या अ‍ॅपला एसएमएस वाचायची परवानगी होती. टॉर्चला एसएमएस कशाला हवेत? तेही काढलं, कारण ओटीपी एसएमएसमधूनच येतो. मग सेटिंगमध्ये 'अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा' या जागी व्हॉट्सअ‍ॅप आणि ब्राउझर या दोघांचीही परवानगी बंद केली. लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे उघडली की अ‍ॅप इन्स्टॉल करणारी फाइल येते, माणूस ती उघडतो आणि खातं रिकामं होतं. हे प्रकार आता गावोगावी घडताहेत. ही परवानगी बंद असेल तर चुकून बोट लागलं तरी फाइल थेट इन्स्टॉल होत नाही, फोन आधी अडवतो. आपल्या आईवडिलांच्या फोनवर बाकी काही जमलं नाही तरी एवढं एक नक्की करा.

आता अपडेट. माझ्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करून आप्पांचा फोन त्याला जोडला. प्ले स्टोअरवरची सगळी रांग थांबवली आणि जे लागणार होतं तेच आधी घेतलं. खुद्द प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेस, मग क्रोम, मग 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू'. हे शेवटचं नाव बघून आप्पा म्हणाले, 'हे कोणी टाकलं? काढून टाक.' हे काढायचं नसतं. दुसऱ्या अ‍ॅपच्या आत एखादं वेबपान उघडतं, ते दाखवायचं काम हे करतं. मार्च २०२१ मध्ये याच्याच एका सदोष अपडेटमुळे जगभर लोकांची जीमेलसारखी अ‍ॅप उघडताक्षणी बंद पडत होती, आणि ती पुन्हा सुरळीत झाली तीही याच्याच पुढच्या अपडेटने. एवढं त्याच्यावर अवलंबून असतं.

त्यानंतर फोनचं स्वतःचं अपडेट. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, कारण 'फोन अपडेट आहे' असं लिहून आलं की आपण निर्धास्त होतो. त्याचा अर्थ एवढाच की कंपनीकडे या फोनसाठी नवीन काही नाही. खरं बघायचं असतं ते सेटिंगमधल्या 'फोनविषयी' या भागात, अँड्रॉइड सुरक्षा अपडेटच्या पुढे लिहिलेली तारीख. गूगल वेळोवेळी सुरक्षेच्या दुरुस्त्या जाहीर करतं, पण त्या आपल्या फोनपर्यंत पोचवायच्या की नाही हे फोन बनवणाऱ्या कंपनीच्या हातात असतं, आणि स्वस्त फोनच्या बाबतीत कंपन्या थोड्या वर्षांत हात काढून घेतात. आप्पांच्या फोनवरची तारीख दोन वर्षं जुनी निघाली. मला राग आला. फोन उत्तम चालतो, काच फुटलेली नाही, बॅटरी दिवसभर टिकते, आणि तरी कंपनीच्या लेखी तो संपला.

सुदैवाने अँड्रॉइड १० पासून 'गूगल प्ले सिस्टिम अपडेट' हा आणखी एक मार्ग आहे. त्यात अँड्रॉइडचे काही महत्त्वाचे भाग कंपनीची वाट न बघता थेट गूगलकडून अपडेट होतात. ते सेटिंगच्या खोल कोपऱ्यात असतं आणि फोन बंद करून चालू केल्याशिवाय लागू होत नाही. आप्पांचा फोन कधीच बंद होत नाही, म्हणून ते नुसतंच पडून होतं. फोन रीस्टार्ट केला आणि ती तारीख बरीच पुढे आली. सगळी भोकं याने बुजत नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून यूपीआयला पेन्शनचं खातं जोडलेलं होतं ते काढलं आणि थोडेच पैसे असलेलं दुसरं खातं जोडलं. दूधवाल्याला, औषधाच्या दुकानात द्यायला तेवढं पुरतं.

एवढं झाल्यावर फेस आरडी सरळ उतरलं. ते घेताना प्ले स्टोअरवर नावाखाली आधार प्राधिकरणाचं, म्हणजे यूआयडीएआयचं नाव आहे ना ते बघून घेतलं, कारण मिळतीजुळती नावं भरपूर असतात. जीवन प्रमाणचं अ‍ॅप शोधत न बसता जीवन प्रमाणच्या सरकारी संकेतस्थळावरच्या दुव्यावरून प्ले स्टोअरवर जाऊन घेतलं. फेस आरडी इन्स्टॉल झालं तरी फोनवर त्याचं चिन्ह दिसत नाही. ते मागे राहून काम करतं. चिन्ह दिसत नाही म्हणून पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करायची गरज नाही.

जीवन प्रमाणमध्ये आधी 'ऑपरेटर'ची नोंदणी असते. दाखला काढून देणारा तो ऑपरेटर. घरचं कोणीही चालतं, पेन्शनर स्वतःही चालतो. आप्पाच ऑपरेटर झाले. आधार नंबर, मोबाइल, ईमेल, दोन्हीकडचे ओटीपी आणि मग चेहरा. ईमेलचा पासवर्ड आठवेना त्यात वेळ गेला, बाकी काही नाही.

चेहरा मात्र लगेच घेतला नाही. आप्पा दिवाणखान्यात नेहमीच्या खुर्चीत बसलेले, मागे खिडकी, म्हणजे उजेड पाठीवर आणि तोंड अंधारात. त्यांना उलटं बसवलं, खिडकीकडे तोंड आणि मागे मोकळी भिंत. चष्मा काढला. फोन डोळ्यांच्या उंचीवर धरला. अ‍ॅप पापण्या मिटायला सांगतं, कारण समोर फोटो धरलाय की खरा माणूस आहे हे त्यावरून कळतं. आप्पा डोळे गच्च मिटून घ्यायचे आणि उघडायलाच विसरायचे. मग आई समोर येऊन बसली आणि म्हणाली, 'माझ्याकडे बघा, आणि मी मिटते तसे मिटा.' तिने पापण्या मिटल्या, त्यांनी मिटल्या, आणि चेहरा टिपला गेला. ऑपरेटर म्हणून एकदा झाल्यावर पेन्शनर म्हणून पुन्हा तेच, पण आता दोघांना सवय झाली होती.

फॉर्ममध्ये खरी काळजी घ्यायची ती पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक), खातं नंबर आणि पेन्शन देणाऱ्या संस्थेची निवड यांची. यादीतून चुकीची संस्था निवडली तर दाखला तयार होतो, पण भलतीकडे जातो. मी पेन्शनचं मूळ पुस्तक आणि पासबुक समोर ठेवूनच भरलं. पुन्हा नोकरीला लागलात का, पुनर्विवाह केलात का, असेही प्रश्न असतात. शेवटी मोबाइलवर मेसेज आला, त्यात प्रमाण आयडी, म्हणजे या दाखल्याचा क्रमांक. तो आयडी आणि ओटीपी वापरून संकेतस्थळावरून दाखल्याची प्रत उतरवता येते. आप्पांनी ती प्रत बराच वेळ बघितली. मग म्हणाले, 'बोट लावायला लागलं नाही.'

शेजारच्या काकूंचे यजमानही रेल्वेतच होते, त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. त्या संध्याकाळी आल्या. ऑपरेटर एकदा नोंदला की त्याच फोनवरून दुसऱ्यांचेही दाखले काढता येतात, त्यामुळे आप्पांच्याच फोनवरून त्यांचा काढला. या वेळी फोन आप्पांनी धरला आणि 'उजेडाकडे तोंड करा' हेही त्यांनीच सांगितलं.

ज्यांच्या घरी हे करणारं कोणी नाही त्यांच्यासाठी पोस्टाचा मार्ग आहे. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला काढून देतो, त्याचे ७० रुपये पडतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी मला तोच मार्ग बरा वाटतो. ८० वर्षांवरच्या केंद्रीय पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, त्याचा फायदा जरूर घ्यावा. दाखल्यासाठी म्हणून कोणी फोन केला आणि ओटीपी किंवा पीपीओ नंबर विचारला तर तो चोरच समजून फोन ठेवावा, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवावं.

फोनचं काम मात्र ऑक्टोबरातच उरकून घ्या, ऐन नोव्हेंबरात नको. आप्पांच्या फोनवर आता फेस आरडी आणि जीवन प्रमाण या दोघांचंच आपोआप अपडेट मोबाइल डेटावर चालू ठेवलंय, बाकीची अ‍ॅप मी मिरजेला गेले की माझ्या हॉटस्पॉटवर होतील. आठवड्यातून एकदा रात्री फोन बंद करून चालू करायचं काम आईने घेतलंय.

मेसेज आला म्हणजे काम संपलं असं नाही. दाखला बँकेने स्वीकारला की नाही हे संकेतस्थळावर प्रमाण आयडीवरून बघता येतं. आप्पांचा लवकर स्वीकारला गेला. काकूंचा बरेच दिवस तसाच दिसत होता, म्हणून आप्पांनी बँकेत फोन लावला, त्यांचा प्रमाण आयडी वाचून दाखवला आणि तिथल्या माणसाने नोंद शोधून काढली.